चाकूच्या टोकावरचं लिंबू

ज्या दिवशी मी घरात चाकू मागितला, त्या दिवशी माझ्या बोटाला चिंधी बांधलेली होती. मागायची वेळ जरा चुकलीच. सकाळी अण्णांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायला बसलो, आणि पेन्सिल होती तशीच बोथट राहून बोटाला टोक निघालं. आईनं हळद दाबून चिंधी गुंडाळली. ती गुंडाळत असतानाच मला वाटलं, हीच संधी आहे. माझा मुद्दा बिनतोड होता. ब्लेडला मूठ नसते म्हणून बोट कापलं, चाकूला मूठ असते, सबब मला आजोबांचा चाकू द्यावा. आईनं चिंधीची गाठ अशी आवळली की माझ्या तोंडून पुढचा मुद्दा ‘आई गं’ असाच बाहेर पडला. वकिली माझ्या नशिबात नव्हती, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आमचं घर पडेगावला, दौलताबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला. तेव्हा तिथं घरं कमी आणि मोकळं रान जास्त होतं. पहाटे छावणीतल्या बिगुलाचा आवाज यायचा, दिवसभर खडीच्या मशीनची घरघर, आणि संध्याकाळी आत्याच्या भाकरी थापण्याची थपथप. आता त्या रानात चार मजली इमारती झाल्यात आणि बिगूल वाजत असला तरी गाड्यांच्या हॉर्नमध्ये कुणाला ऐकू येत नाही. घरात माझे वडील म्हणजे अण्णा, आई, अण्णांची थोरली बहीण म्हणजे सोनाआत्या, धाकटा भाऊ म्हणजे दत्ताकाका, आणि मी. आत्या सगळ्यात मोठी असल्यामुळं घरातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं असायचं, आणि प्रश्न नसला तरी असायचं.

आजोबांचा चाकू म्हणजे घडीचा चाकू. काळ्या शिंगाची मूठ, तिला दोन पितळी खिळे, आणि पातं उघडताना ‘टक्’ असा आवाज. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. आई तो चाकू फडताळाच्या वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागं ठेवायची. उन्हाळ्यात टरबूज फोडायला तो खाली यायचा, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं ते टरबुजानं, माझ्या तोंडाला चाकूनं. तो हातात आला की मी नेमकं काय करणार होतो, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण पॅन्टच्या खिशात तो चाकू घेऊन शाळेच्या मैदानावर नुसतं उभं राहायचं, एवढं चित्र मात्र पक्कं होतं. त्या चित्रात वारा सुटलेला असायचा.

चिंधीच्या त्या दिवशी संध्याकाळी माझ्या अर्जावर घरात चर्चा झाली. अण्णा म्हणाले, “ज्या पोराला चप्पल कुठं काढली ते सांगता येत नाय, तो चाकू कुठं ठेवला ते सांगंल?” आई म्हणाली, “मिसरूड फुटू द्या आधी.” दत्ताकाका माझ्या बाजूनं होता. तो म्हणाला, “द्या की. मी याच्याएवढा असताना माझ्याकडं होताच की चाकू.” अण्णा शांतपणे म्हणाले, “व्हय. आन् तू शेजाऱ्याच्या शेळीची दाढी कापून आला व्हतास.” तेवढ्यात शेजारच्या खाला वाटीभर दही मागायला आल्या आणि दारातच त्यांना प्रकरण समजलं. “हौला पोट्टा है क्या रे तू?” मला वेड्यात काढत त्या म्हणाल्या. मग आईकडं वळून, “नक्को भाभी, बिल्कुल नक्को. मैं तो हमारे उनकूच अब्बी तक छुरी नै देती. खरबूजा मैंच काटती.” खालांचे ‘उनकू’ म्हणजे रफिकचाचा तेव्हा पन्नाशीचे होते आणि त्यांच्या मिशा माझ्या मनगटाएवढ्या होत्या. त्यांना मिळत नाही तिथं माझा काय पाड? अर्ज नामंजूर झाला. खाला दही घेऊन गेल्या.

पण देव कुणाच्या रूपानं धावून येईल सांगता येत नाही. माझ्या बाबतीत तो दत्ताकाकाच्या लग्नाच्या रूपानं आला. आमच्याकडं नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात लोखंड द्यायची रीत आहे. हळदीच्या अंगाला दृष्ट लवकर लागते म्हणतात. म्हणून चाकू द्यायचा, आणि चाकूच्या टोकाला लिंबू खोचायचं. लग्न लागून घरी परत येईपर्यंत नवरदेवानं तो जवळून हलवायचा नाही. आमच्या घरातले सगळे नवरदेव आजोबांच्या चाकूनंच सांभाळले गेलेत. अण्णांच्या लग्नातही तोच होता. ‘तरी दृष्ट लागलीच,’ असं आत्या कधीकधी आईच्या पाठीमागं म्हणायची.

तर काकाला हळद लागली, अण्णांनी चाकू खाली काढला, टक् करून उघडला, एक पिवळंधमक लिंबू टोकाला खोचलं आणि काकापुढं जमिनीवर ठेवला. हातातून हातात चाकू दिला तर दोघांचं भांडण होतं, म्हणून आमच्यात चाकू खाली ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा. काकानं उचलला. रात्रभर सांभाळला. पण सकाळी वऱ्हाड निघायच्या वेळेला त्याची पंचाईत झाली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात तोंडाशी धरायचा रुमाल, डोळ्यांवर मुंडावळ्या, नव्या कोटाची बाही खाजतेय, आणि चहाची कपबशी समोर. त्यानं चाकू खाली ठेवला आणि मला डोळ्यानं खुणावलं. “अण्णा, सुध्याला धरू द्या ना. माझ्या शेजारीच बसंल तो. जवळच राहील की चाकू.”

अण्णांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग लिंबाकडं पाहिलं. आणि त्यांच्या डोळ्यांत जो विचार चमकला, तो मी आजवर बापलोकांच्या डोळ्यांत अनेकदा पाहिलाय, आणि स्वतः बाप झाल्यावर वापरूनही बघितलाय. “धर,” ते म्हणाले. “पण एक. लिंबू टोकावर जसंच्या तसं राहिलं पायजे. चाकूनं काय केलंस तर आधी लिंबू काढावं लागंल, आन् काढलेलं मला कळतं. घरी येईस्तोवर लिंबू जागेवर असलं तर चाकू तुझा. नसलं तर मॅट्रिक होईपर्यंत नाव काढायचं नाय.” आत्याला ही योजना फारच आवडली. “टोकाला लिंबू हाय तवर कुणाचा डोळाबी फुटायचा नाय,” ती म्हणाली. चाकूला टोपणही झालं, परीक्षाही झाली आणि देवाधर्माचंही झालं. मी खाली वाकून चाकू उचलला.

मुलगी फर्दापूरची. वऱ्हाडासाठी एसटीची गाडी ठरवली होती. ती गाडी काकानंच आणली होती, कारण काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, आणि लग्न ठरताना हीच गोष्ट आमच्याकडून सगळ्यात जास्त वाजवून सांगितलेली होती. “आमचा दत्ता म्हणजे गाडीतच वाढलेला,” असं अण्णांनी मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं. काका स्वतः म्हणाला होता, “गाडी म्हंजी माझं दुसरं घर.” मुलीकडचे खूश झाले होते. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं रामायण याच वाक्यानं घडलं.

गाडीत मी पहिल्या बाकावर खिडकीशी, शेजारी काका. चाकू दोन्ही हातांनी धरून, झेंडावंदनाला झेंडा धरतात तसा. फुलंब्रीपर्यंत मी डोळ्याची पापणी हलवली नाही. मागची चुलत-मावस पोरं येऊन येऊन विचारत होती, “हात लावू का?” आणि मी अशा नजरेनं बघत होतो की जणू मीच नवरदेव. खड्डा आला की लिंबू शेजारून जाणाऱ्या माणसाच्या नाकाला लागायचं, पण टोकावरून हलायचं नाही. सिल्लोडला गाडी चहाला थांबली. नवरदेवानं बाहेरचं खायचं नाही, अशी आत्याची सक्त ताकीद. काकानं ती पाळली, म्हणजे तो खाली उतरला नाही. मामेभावानं खिडकीतून कागदाचा पुडा दिला, आणि तोंडाशी धरलेल्या रुमालाआड किती मिरचीभजी गेली याचा हिशेब त्या रुमालालाच माहीत. महिनाभर केळवणं झोडलेलं पोट ते. त्यात भजी.

अजिंठा गाव मागं पडलं आणि घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला काका गाणं गुणगुणत होता. दुसऱ्या वळणाला थांबला. मी पाहिलं तर त्याच्या हळदीच्या चेहऱ्यावर आतून हिरवा रंग चढत होता. कच्च्या पपईसारखा. त्यानं माझा गुडघा धरला.

“सुध्या.”

“काय?”

“वकायला येतंय.”

“गाडी थांबवू?”

“अजिबात नाय! हळू बोल. बाहेर बघ.”

बाहेर पाहिलं. नवरीचे दोघं भाऊ आम्हाला घ्यायला मोटारसायकलवर घाटाच्या माथ्यापर्यंत आले होते आणि अगदी आमच्या खिडकीला लागून चालले होते. फेटे बांधलेले, तोंडभर हसत, हात हलवत. मी हात हलवला. काकानंही हलवला, पण तोंड मिटून. गाडीत वाढलेल्या जावयानं पहिल्याच भेटीत मेव्हण्याच्या फेट्यावर सिल्लोडची भजी परत करणं बरं दिसलं नसतं. खिडकी गेली. खाली वाकावं तर नवा कोट. मागं आत्या. काकानं डोळे मिटले, उघडले, आणि लिंबाकडं पाहिलं. मीही लिंबाकडं पाहिलं. घाटात लिंबू चोखलं की बरं वाटतं, हे आमच्याकडं दूधपित्या पोरालाही माहीत असतं.

आता इथं मी फार मोठा विचार केला, असं लिहायला मला आवडलं असतं. एकीकडं चाकू, एकीकडं काकाची अब्रू, वगैरे. पण खरं म्हणजे काकाच्या गळ्यातून ‘हुक्’ असा आवाज आला आणि मी लिंबू उपसलं. मांडीवर रुमाल, रुमालावर लिंबू, आणि पातं लावून दाबलं. माझ्या आयुष्यातला चाकूचा पहिला घाव तो. इतका सरळ गेला की मीच चकित झालो. काकानं एक फोड तोंडात घातली ती बियांसकट, दुसरी नाकाशी धरली. उरलेली वळणं आम्ही दोघांनी श्वास धरून काढली. फर्दापूरची घरं दिसली तेव्हा काका पुन्हा पिवळा झाला होता. साली त्यानं कोटाच्या खिशात कोंबल्या. मी पातं रुमालानं पुसलं, टक् करून मिटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय.

नवरदेवाला मारुतीच्या देवळात उतरवलं. आत्या भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं आली आणि तिची नजर थेट माझ्या मुठीवर. “लिंबू?”

मी काकाकडं पाहिलं. काका मारुतीकडं बघत होता.

“लिंबू कुठं हाय रं?”

“खाल्लं,” मी म्हणालो.

“कुणी?”

“मी.”

“कशापायी?”

“भूक लागली.”

“लिंबाची?” आत्यानं मारुतीला साक्षीला घेतल्यासारखे हात वर केले. “अवो ऐकलं का, ह्याला लिंबाची भूक लागली! बिनमिठाचं खाल्लंस का रं?”

आजूबाजूचे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी नुसतं फरशीकडं बोट केलं. मी चाकू फरशीवर ठेवला आणि त्यांनी उचलला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ‘मला माहीत होतं’ असा तो चेहरा. काकाला तेवढी लाज वाटली असावी. तो म्हणाला, “अण्णा, त्याचं काय झालं की घाटात...” आणि नेमका त्या क्षणी नवरीचा थोरला भाऊ तबक घेऊन आत आला. “घ्या पाहुणे, लिंबाचं सरबत घ्या.” काकानं पेला उचलला आणि वाक्य सरबतासोबत गिळून टाकलं. मग अण्णांना सोयऱ्यांपुढं कसनुसं हसून विचारावं लागलं, “एखादं लिंबू मिळंल का?” पाटीभर आली. नवरीचा मामा मिस्कील होता. सगळं लग्न लागेपर्यंत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “मुलाकडं सगळं बक्कळ हाय. फकस्त लिंबाचा दुष्काळ पडलाय.”

नवं लिंबू खोचलेला चाकू काकाच्या हातात गेला. मी मंडपाच्या मागं चुलीपाशी जाऊन बसलो. भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी रटरटत होती. त्या येसराचा वास अजून कुठल्या लग्नात आला की माझा चेहरा आपोआप उतरतो, आणि बायकोला वाटतं मला सोयऱ्यांचं काही लागलंय. मॅट्रिक म्हणजे किती लांब, हे मी बोटांवर मोजत होतो. सांगून टाकलं असतं तर चाकू परत आला असता. पण मांडवात अक्षता पडत होत्या, नवरीचे वडील पाहुण्यांना सांगत होते, “जावई एसटीत हायेत, गाडीची लई सवय,” आणि काका मुंडावळ्यांतून मला शोधत होता. काय सांगणार? रुसलेला माणूस जितका जेवू शकतो तितका मी जेवलो. बुंदी दोनदा.

परत निघालो तेव्हा पहिल्या बाकावर काका आणि मंदाकाकू, त्यांच्या मागं मी. काकू घरून रडून आली होती, नाक लाल, मान खाली, पदर पुढं. आम्ही पोरं तिच्या तोंडून एक तरी शब्द येतो का म्हणून टपून बसलो होतो. घाट चढायला लागला. येसराची आमटी आणि बुंदी काकाच्या पोटात होतीच. दुसऱ्या वळणाला त्याचं गुणगुणणं थांबलं. मी मागून त्याचे कान हिरवे होताना पाहिले. काकूनं पदर जरासा वर केला.

“गाडी लागती का तुमाला?”

“छे छे! मी वर्कशॉपमध्ये...”

“वर्कशॉपातली गाडी हलत नसती,” काकू म्हणाली. हे तिचं आमच्या घराण्याला उद्देशून पहिलं वाक्य. मग ती माझ्याकडं वळली. तिचे हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्यानं भरले होते. “बाळा, माझ्या हाताला चुडा हाय. तू काप बरं ते लिंबू.”

“मला परवानगी नाय,” मी म्हणालो. मला वाटलं होतं हळू म्हणालो. अख्ख्या गाडीनं ऐकलं.

“काय झालं रे?” मागून अण्णा.

काकाचे डोळे मिटलेले. कपाळावर घाम. “अण्णा, कापू द्या त्याला,” तो म्हणाला. “येतानाबी त्यानंच कापलं. माझ्यासाठी. त्यानं खाल्लंबिल्लं नव्हतं. मी चोखलं.”

गाडीत असा हशा उसळला की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. फक्त आत्या हसली नाही. ती वरचा दांडा धरत धरत पुढं आली आणि हळदीच्या नवरदेवाच्या पाठीत एक धपाटा घातला. “भाड्या, आन् पोराला भर देवळात उभं केलंस? मारुतीपुढं?” मग माझ्याकडं वळून, “आन् तू रं? भूक लागली म्हणं!” आणि माझे गाल असे कुस्करले की ती शिक्षा होती का शाबासकी, ते मला आजही कळलेलं नाही.

अण्णा पुढं आले. गाडी वळत होती, तेही वळत होते. त्यांनी काकाकडं पाहिलं, लिंबाकडं पाहिलं, शेवटी माझ्याकडं.

“काप,” ते म्हणाले. “बोटं आत घेऊन.”

मी कापलं. घाटात, गाडी चालू असताना, सगळ्या वऱ्हाडाच्या नजरेखाली. काकाला अर्धी फोड दिली. उरलेली अर्धी मी खाली ठेवणार, तर काकूनं हात पुढं केला. “आण इकडं. मलाबी लागती.” आणि नवरा-नवरी दोघं एका लिंबाच्या दोन फोडी चोखत घाट चढले. त्यांचा संसार पुढं चांगला झाला. आत्या त्याचं श्रेय लोखंडाला द्यायची.

चाकू अजून माझ्या हातात होता. पण अण्णा रीतीचे पक्के. “खाली ठेव. मी उचलतो, मग मी ठेवतो, मग तू उचल. देणं म्हंजी देण्यासारखं पायजे.” मी पातं मिटून चाकू गाडीच्या पत्र्यावर ठेवला. पण घाट चढणारी गाडी जमीन नव्हे. चाकू निघाला तो बाकांखालून थेट मागं. अण्णा त्याच्यामागं, मी अण्णांमागं, आणि “धरा धरा” करत पाय वर घेणारं वऱ्हाड. मागच्या बाकाखाली अण्णांनी तो गाठला, तिथंच रीतसर खाली ठेवला, आणि गाडी माथ्यावर पोचून पलीकडं उतरली. चाकू पुन्हा पुढं. या वेळी कुणालाच गावला नाही. खणखण वाजत तो ड्रायव्हरच्या पायाशी जाऊन थांबला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, चाकू वर धरला आणि ओरडला, “अरे, हा चाकू कुणाचा हाय?”

मी मधल्या वाटेत रांगत होतो. मागून अण्णांचा आवाज आला. “आमच्या सुध्याचा.”

हे सगळं लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. भज्यांपाशी ती हसली, काकूपाशी जरा जास्त हसली. शेवटी मी थोडा थांबलो, माणूस शाबासकीसाठी थांबतो तसा. ती म्हणाली, “छान आहे. एका पोराला एक चाकू द्यायला तुम्हाला अख्खं घर, गाडीभर वऱ्हाड आणि मारुती लागला. मी पहिलीत होते तेव्हा आईनं मला विळीवर बसवलं. तयार आहेस का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की कांदे झाले का?”